हमिंग घालवायला प्लगची मोठी पिन काढू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: स्टिरिओतून घूंऽऽ असा आवाज येतो, कारण आपल्याकडचा करंट खराब आणि अर्थिंग त्याहून खराब. म्हणून प्लगची मोठी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर स्टिरिओसाठी वेगळी अर्थिंग खणा, भारी केबल घ्या, स्टॅबिलायझर लावा. अनेकांनी ‘करून बघितलं, फरक पडला’ असंही खाली लिहिलंय.

आधी करंटचं बघू. घरातली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. बेळगावात तीच, कोल्हापुरातही तीच. हमिंगचा सूर मुख्यतः 50 किंवा 100 हर्ट्झचा असतो. पेटीवाल्यांना सांगायचं तर दोन्ही पांढरी पाचच्या आसपास, अगदी खर्जात, एकमेकांपासून एका सप्तकावर. वीज कितीही स्वच्छ असली तरी हे 50 हर्ट्झ तिच्यात असणारच. प्रश्न आहे ते गाण्याच्या तारेत शिरतं कुठून. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरनं येणारी कर्कश झर्रझर्र वेगळी. रेग्युलेटर बंद केला किंवा लाईट परत आली की ती थांबते, त्यामुळे ओळखायला सोपी.

आता पिन. ती काढल्यावर हमिंग पुष्कळदा खरंच थांबतं, म्हणून तर हा सल्ला इतका टिकलाय. पण थांबतं का? ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून आलेल्या केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण, बाहेर कुठेतरी दुसऱ्याच अर्थिंगला टेकलेली असते. या दोन ठिकाणांत थोडासा व्होल्टेजचा फरक राहतो. तुम्ही सेट-टॉप बॉक्सची ऑडिओ वायर ॲम्प्लिफायरला लावली की तिच्या जाळीतून दोन्ही अर्थिंग जोडल्या जातात आणि 50 हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. जाळीला थोडा रोध असतोच. त्यावर पडलेलं व्होल्टेज गाण्यात मिसळतं. सिग्नल एक-दोन व्होल्टचा असला तरी एखादा मिलिव्होल्ट शांत आलापात टोचायला पुरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. पिन काढल्यावर हा फेरा तुटतो. म्हणजे सिद्ध काय झालं? फेरा होता, एवढंच. अर्थिंग खराब होती हे त्यातून निघत नाही; दोन्ही अर्थिंग उत्तम असल्या तरी असा फेरा होऊ शकतो.

तोडायचाच तर तो सिग्नलच्या बाजूनं तोडावा. टीव्हीच्या केबलवर आयसोलेटर किंवा ऑडिओ वायरीत एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला की काम होतं; दोन्ही सिग्नल पुढे जाऊ देतात, पण जाळीचा जोड तोडतात. पिन मात्र माणसासाठी आहे. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते, कारण प्लग लावताना अर्थिंग आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. ती नसताना आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर 230 व्होल्ट उभे राहतील. ऑडिओ वायरीच्या जाळीतून तेच जोडलेल्या बाकीच्या यंत्रांवरही जातील. चौकोनात चौकोन अशी खूण असलेली यंत्रं मुळातच दुहेरी इन्सुलेशनची असतात, त्यांना दोन पिना चालतात. तीन पिनांचं यंत्र त्यांच्यात मोडत नाही.

वेगळ्या अर्थिंगचा सल्ला मला सगळ्यांत विचित्र वाटतो. दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे त्रास होतोय, आणि उपाय काय, तर तिसरा खड्डा! खानापूरच्या जांभ्या मातीत खणा नाहीतर चिकोडीकडच्या काळ्या रानात, मीठ-कोळसा कितीही घाला, घरच्या अर्थिंगपासून तो अलग ठेवला तर फरक वाढण्याचीच शक्यता. शिवाय वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो सोसायचा तुमच्या स्टिरिओनं. जुनी अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी पडली असेल तर तिला पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या; ते सुरक्षिततेसाठी करायलाच हवं.

केबलच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. जाड जाळीचा रोध कमी, म्हणून हमिंग थोडं उतरतं. पण फेरा तसाच राहतो, आणि सोन्याच्या मुलाम्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यापेक्षा ऑडिओ वायरीच्या टोकाला असलेल्या आरसीए पिनेचा सोल्डरचा टाका सुटलाय का ते बघा. स्टॅबिलायझरबद्दल एवढंच, की त्यातही ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो रेकॉर्ड प्लेअरशेजारी ठेवलात तर नवीन हमिंग विकत घ्याल. प्लेअरच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, येतात जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट. कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली असेल तर खर्जाशेजारी ही भर नकोच. प्लेअरची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावलीय ना, तेही बघा.

शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. सगळं बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या ऑडिओ वायरी काढा आणि तो एकटा सुरू करा. शांत असेल तर पुन्हा बंद करून एकेक वायर जोडत जा. जिच्यानं आवाज सुरू होईल तिथे गुन्हेगार. सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याची गच्चीवरची केबल काढून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. एकटा असतानाही, आवाजाचं बटण शून्यावर असताना, स्पीकरमधून घूंऽऽ येत असेल तर बहुधा पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर सुकलाय. जुन्या सेटमध्ये हे नेहमीचंच. तो मेकॅनिककडूनच बदलून घ्या, कारण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज शिल्लक राहतो.