भाड्याची माणसे आणि त्यांची पदके

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांपासून आमच्या शाळासोबत्यांच्या गटात एकच वाद अधूनमधून उकरला जातो, आणि दर वेळी इथे बहरीनमध्ये नोकरी करणाऱ्या माझे डोके तापते. बहरीनची पदके विकतची, ती भाड्याच्या माणसांनी मिळवलेली, सबब तक्त्यात धरूच नयेत, असे ही मंडळी साताऱ्यात बसून ठरवतात. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या या बेटाने 12 सुवर्णांसह नववे स्थान मिळवले आणि महिलांच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, केनियात जन्मलेल्या विन्फ्रेड यावीने पारुल चौधरी व प्रीती लांबा यांना मागे टाकले, हे त्यांना अजून पचलेले नाही. आपल्या 107 पदकांना 140 कोटींनी भागून पाहायला मात्र कोणी तयार नसतो.

त्यांचा राग मला कळत नाही असे नाही. 2014 साली इंचिऑनच्या आशियाई स्पर्धांत याच शर्यतीत बहरीनची रूथ जेबेट आधी बाद ठरली, तेव्हा माण तालुक्यातल्या आमच्या ललिता बाबरच्या वाट्याला रौप्य आले होते. मग निर्णय फिरला, ललिताला कांस्यावर समाधान मानावे लागले आणि सुधा सिंग चौथी गेली. जेबेट पुढे रिओत ऑलिंपिक सुवर्ण जिंकून उत्तेजकापायी बंदीत अडकली, आणि बहरीनच्याच केमी अडेकोयाच्या तशाच प्रकरणामुळे 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धांतले मिश्र रिलेचे सुवर्ण नंतर भारताकडे आले. पण तो दोष उत्तेजकांचा आहे, पासपोर्टचा नव्हे, आणि उत्तेजकांच्या बाबतीत आपण कोणाकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही. शिवाय हांगझोऊत बहरीनने पुरुष हँडबॉलचे रौप्यही मिळवले. तो खेळ इथे बारबारसारख्या गावांत रुजलेला आहे, हे गटात कोणाला ठाऊकही नसते.

खरे सांगायचे तर मला झोंबतो तो ‘भाड्याची माणसे’ हा शब्दप्रयोग. या देशातली निम्म्याहून अधिक माणसे तशीच आहेत, आणि सीपीआरच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या, नूतनीकरणासाठी कंपनीच्या सहीची वाट पाहणारा मी त्यांतलाच एक. यावीला इथला पासपोर्ट मिळाला, पण अरबेतरांसाठी कायद्यात पंचवीस वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि ती पुरी करूनही हाती काही न लागलेले मराठी लोक मला इथे मनामातल्या गुदैबिया भागातच भेटतात. त्यामुळे तिच्याविषयी बोलताना माझ्या कौतुकात थोडा मत्सरही मिसळतो. शर्यत पाहताना मी ओरडलो ते पारुलसाठी, आणि शेजारचा बहरीनी सहकारी त्यावर हसला, त्याचेही मला वाईट वाटले नाही.

गटातल्या एकाने परवा विचारले, तुला देऊ केला तर तू घेशील का तो पासपोर्ट? भारतीय नागरिकत्व सोडावे लागेल, हे त्याला माहीत होते आणि मलाही. मी हांगझोऊचे आकडे पुन्हा टाकून विषय बदलला, कारण घेईन, हे उत्तर साताऱ्याच्या मित्रांना लिहून पाठवणे मला जमले नाही.