पिवळी मारबत हिरवी काहून?

फोटो चांगला आला होता, हे आधीच सांगून टाकतो. तान्ह्या पोळ्याची नागपुरातल्या इतवारीतली गर्दी आणि मधोमध इडा-पिडा घालवायला १८८५ पासून मिरवणुकीत निघणारा आपला पुतळा, म्हणजे पिवळी मारबत, पिवळीधम्मक. मॉनिटरवरही ती तशीच होती. प्रिंटरमधून मात्र आंबिया बहाराच्या संत्र्यासारखी हिरवट होऊन बाहेर आली.

'मॉनिटर कॅलिब्रेट करा', म्हणजे पडद्याचे रंग यंत्राने मोजून ठीक करा, हा सल्ला कृपा करून देऊ नका. केलाय. मित्राकडून यंत्र आणलं, काचेवर लटकवलं, पडद्याचा पांढरा साडेसहा हजार केल्विनवर (उजेडाच्या रंगछटेचं हे माप) बसवला. ब्राइटनेस इतका उतरवला की बायकोला वाटलं, मी वीजबिलाचा धसका घेतला. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, रंगसुधारणाही बंद केली; फोटोचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघंही रंग सुधारायला बसले की माणसांचे चेहरे भलतेच होतात. उरला कागद. प्रत्येक कागद शाई आपापल्या रीतीने पितो, म्हणून प्रत्येकाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कोणता रंग कसा उमटतो ते सांगणारी फाइल, वेगळं. ते मागायला लॅपटॉप आणि हिरवी मारबत घेऊन सीताबर्डीवरच्या कागदवाल्याकडे गेलो.

"प्रोफाइल?" तो म्हणाला. "ते फेसबुकवर राहते न."

मी समजावू लागलो. तेवढ्यात बाकावर पासपोर्ट फोटोची वाट बघत बसलेले एक काका उठले. कोणी विचारलं नव्हतं. नागपुरात विचारावं लागत नाही.

"पाहू द्या बरं. हे कोणती मारबत हाय?"

"पिवळी."

"मंग हिरवी काहून दिसून राह्यली?"

"तेच तर विचारायला आलोय, काका."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, प्रिंट नाकाला लावला, मग लॅपटॉप नाकाला लावला. "ह्याच्यात पिवळी हाय," त्यांनी निकाल दिला. "मंग हेच लटकवून द्या न भिंतीवर. छापता कायले?"

मी म्हटलं, पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद दुसऱ्याचा उजेड परत करतो, त्यामुळे दोघांचं तंतोतंत जुळणं कठीणच. पण निदान जवळपास तरी यावं. काकांनी 'दुसऱ्याचा उजेड' एवढंच उचललं आणि माझा प्रिंट घेऊन सरळ रस्त्यावर गेले. मी लॅपटॉप सोडून मागे. भर रहदारीत, ऑटोवाल्याच्या शिव्या खात, त्यांनी मारबत उन्हात धरली.

"हे पाहा! झाली न पिवळी?"

झाली होती. पूर्ण नाही, पण बरीच. दुकानातल्या स्वस्त एलईडीखाली वेगळी, उन्हात वेगळी. छापील रंग तपासायला पाच हजार केल्विनच्या उजेडाचं प्रमाण ठरलेलं आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांना ते चपला घालून माहीत झालं. त्याचाच जास्त राग आला.

"आता असं करा," काका म्हणाले, "फोटो हॉलमध्ये नोका लावू. अंगणात लावा."

मी फ्लॅटमध्ये तिसऱ्या माळ्यावर राहतो. हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे मारबतीपेक्षा जास्त दयेने पाहिलं.

सगळीकडे रंग एकसारखा दिसावा म्हणून आठ कंपन्यांनी १९९३ साली आयसीसी नावाची संस्था काढली. तिची सत्ता सीताबर्डीपर्यंत अजून पोचलेली नाही. प्रिंटरवाले प्रोफाइल देतात ते त्यांच्याच महागड्या कागदाचं. कागदवाला पाकिटावर 'अस्सल रंग' छापतो, आणि त्या पाकिटावरचा लाल रंगसुद्धा दर खेपेला निराळा असतो. मॉनिटरवाल्याला विचारलं तर तो प्रिंटरकडे बोट दाखवतो. चाचणीचा प्रत्येक प्रिंट माझ्या खिशातून जातो. वर नोझल साफ करायच्या नावाखाली प्रिंटर स्वतःच शाई पिऊन घेतो, तिचं बिलही माझ्याच नावावर. इडा-पिडा घेऊन जा गे मारबत म्हणायचं, तर इथे मारबतच पिडा होऊन बसलेली.

"भाऊ, एवढे लोक हाच कागद नेतात," दुकानदार म्हणाला, "कोणाचीच कंप्लेंट नाई."

"त्यांनी पडद्याशी जुळवून पाहिलं नसेल."

"मंग तुमी कायले पाहता?"

याला उत्तर नव्हतं, निदान दुकानात देण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात काकांचे पासपोर्ट फोटो आले. मागची पांढरी पार्श्वभूमी निळसर, काकांचे गाल गुलाबी, कान जवळजवळ किरमिजी. मी मनातल्या मनात हात चोळले. आता कळेल यांना. काकांनी आठही फोटो ओळीने पाहिले, एक माझ्यासमोर धरला.

"पाहा बरं, कसा गोरा दिसून राह्यलो!"

त्यांनी पैसे मोजून दिले, वर अजून एक कॉपी सांगितली. दुकानदार गल्ला लावता लावता माझ्याकडे बघून म्हणाला, "असं गिऱ्हाईक पाहिजे, भाऊ."