‘क्वांटम सोडून बाकी फिजिक्स इतिहासजमा’ म्हणे!

अकरावीच्या प्रवेशांचा हंगाम आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: न्यूटन खोटा ठरला, उष्णतेचं शास्त्र वाफेच्या इंजिनाबरोबर संपलं, प्रकाश म्हणजे आरसे आणि भिंगं, खगोल ही हौस, मुलांनी शिकावं ते फक्त क्वांटम, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचं फिजिक्स. मी फिजिक्स शिकवते, त्यामुळे पालक तो माझ्यापुढे धरतातच.

‘न्यूटन खोटा ठरला.’ खोटा नाही, त्याच्या नियमांची हद्द कळली. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक त्या नियमांनी सुटेना, तो आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने सोडवला. पण २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा मार्ग आखणारं गणित मुळात न्यूटनचंच. मेट्रोच्या खांबावर किती भार येईल हे काढायला कोणी क्वांटममधलं श्रोडिंजरचं समीकरण मांडत बसत नाही.

‘उष्मागतिकी (उष्णतेचं शास्त्र) इंजिनापुरती.’ पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. सिंहगडावर आणखी दोन-अडीच अंश आधी. कुकर आतला दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांकडे नेतो, म्हणून डाळ पटकन शिजते. स्वयंपाकघर राहू द्या. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत मॉन्सूनची मॉडेलं चालतात, तिथेही हीच शाखा लागते. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता ढगाला वर रेटते. तिचा हिशेब चुकला की पावसाचा अंदाजही चुकला.

‘प्रकाश म्हणजे आरसे आणि भिंगं.’ हा मेसेज फिरला तोच मुळी फायबरमधल्या प्रकाशावर स्वार होऊन. २०१८ आणि २०२३, दोन्ही वर्षांची फिजिक्सची नोबेल पारितोषिकं लेझरशी निगडित कामाला मिळाली. पुढचा मुद्दा घेऊ.

‘खगोल ही हौस.’ मेसेज लिहिणाऱ्याने नारायणगावजवळच्या खोडदला एक चक्कर मारावी. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि जवळ गेलं की कळतं, तबकडी पत्र्याची नाहीच, तारेच्या जाळीची आहे! पकडायच्या रेडिओ लहरी किमान वीसेक सेंटिमीटर लांबीच्या. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या छिद्रांतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र निघून जातो. वजन घटलं, खर्च घटला. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीत विद्युतचुंबकत्व आणि यांत्रिकी एकाच जाळीत बसले आहेत. आता क्वांटम बघा. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर येते ती इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या स्पिन या क्वांटम गुणधर्मामुळे. विश्व प्रसरण पावतं म्हणून दूरच्या दीर्घिकेतून येताना ती ताणली जाते. ४८ सेंटिमीटर झालेली अशी लहर इथे पकडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तीही वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने मोठी करून दाखवली म्हणून सापडली. म्हणजे सापेक्षतावादही आलाच. यातली कुठली शाखा वगळायची, सांगा!

‘भविष्य फक्त क्वांटमचं.’ यात निम्मं खरं आहे. मोबाइलमधला ट्रान्झिस्टर क्वांटमशिवाय समजत नाही, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये क्वांटम मिशनला ६ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली, हेही खरं. पण अतिसंवाहक क्यूबिटवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक) चालणारा क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १०-२० मिलिकेल्विन (अंशाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिकेल्विन) इतका थंड ठेवावा लागतो. त्यासाठी हेलियमचे दोन समस्थानिक मिसळून चालणारा खास फ्रिज लागतो, आणि तो बनवायचा तर उष्मागतिकी पक्की हवी.