ओळख पटवून द्या

आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळानं मागे सर्वानुमते ठराव केला, की संस्थेचा मेल 'कुठूनही, ब्राउझरमध्ये आणि सुरक्षितपणे' दिसला पाहिजे. सूचक एक संचालक, अनुमोदक दुसरे, अंमलबजावणी कॉम्प्युटर विभागाकडे. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी आणि जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर. त्या खोलीत पूर्वी वार्षिक सभेच्या सतरंज्या असायच्या. त्या अजूनही तिथंच आहेत, सर्व्हर त्यांच्या शेजारी सामावून घेतलाय.

मेल सर्व्हरचं मूळ दुखणं असं, की तो सज्जन माणसांनी सज्जन माणसांसाठी काढला. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा त्यात पासवर्ड हा प्रकारच नव्हता. कुणीही यावं, 'हेलो' म्हणावं, अमक्याचं तमक्याला म्हणून पत्र द्यावं आणि सर्व्हरनं ते पोचवावं. सेंडमेल नावाचा जुना सर्व्हर तर समोरच्याला 'भेटून आनंद झाला' असं लेखी कळवायचा. जगानं या चांगुलपणाचा काय फायदा घेतला, ते तुमचं स्पॅमचं फोल्डर उघडलं की दिसतंच. पाठवणाऱ्याला 'आपण कोण?' असं विचारण्याची रीतसर सोय व्हायला १९९९ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांच्या भिडस्तपणाचं जे काही निस्तरायचं, ते आता आमच्यासारख्यांच्या वाट्याला.

निस्तरण्याची सुरुवात पोर्टपासून, म्हणजे सर्व्हरच्या नंबर घातलेल्या दारांपासून होते. २५ नंबरचा पोर्ट सर्व्हरांच्या आपसातल्या व्यवहारासाठी. माणसांनी पत्र पाठवायचं तर ५८७ किंवा ४६५ वरून यावं. यातल्या ४६५ ची सेवापुस्तिका एखाद्या वादग्रस्त कर्मचाऱ्यासारखी आहे. १९९७ मध्ये सुरक्षित मेलसाठी नेमणूक. थोड्याच काळात ती रद्द. त्या जागी भलत्याच कामासाठी दुसऱ्याची वर्णी. आणि २०१८ मध्ये कागद निघून सन्मानानं पुन्हा रुजू. गंमत म्हणजे मधली सगळी वर्षं तो रोज कामावर येत होता आणि लोक त्याच्याकडून काम करूनही घेत होते.

पत्रं पाठवायला पोस्टफिक्स, पेटी सांभाळायला आणि पासवर्ड तपासायला डवकॉट, आणि ब्राउझरमध्ये दाखवायला राउंडक्यूब, असं त्रिकूट मी बसवलं. तिघंही फुकट, तिघंही कर्तबगार, आणि तिघांचे स्वभाव तीन. पोस्टफिक्सच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा दिसली, की ती आधीच्या ओळीचंच शेपूट आहे असं तो धरून चालतो. डवकॉटची तऱ्हा निराळी. २०२५ च्या सुरुवातीला त्याची २.४ आवृत्ती आली आणि जुनी कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगांची यादी, तिला चालेना. आधी 'उघडा (म्हणजे सांकेतिक न केलेला) पासवर्ड बंद करा' असं एक सेटिंग होतं, त्यापुढे 'हो' लिहायचं. आता 'उघडा पासवर्ड चालू द्या' असं सेटिंग आहे, त्यापुढे 'नाही' लिहायचं. अर्थ तोच, रात्र माझी गेली.

मग सर्टिफिकेट, म्हणजे आपला सर्व्हर खरोखर आपलाच, याचा दाखला. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं आणि नव्वद दिवस चालतं. आमच्या मॅनेजरसाहेबांना यातलं 'फुकट' खुपलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं लागतात. फुकटाची तीन कोटेशनं आणायची कुठून? शेवटी 'देणगी' या सदराखाली नोंद झाली. दर तीन महिन्यांच्या आत संस्थेला एक देणगी येते आणि देणगीदार कोण ते पाहायला ऑडिटर दर वर्षी माझ्याकडे येतो.

पोर्ट उघडल्या उघडल्या लॉग, म्हणजे सर्व्हरची आवक-जावक वही, वाहू लागला. जगाच्या पाठीवरून कुठून कुठून मंडळी आमच्या पतसंस्थेत लॉगिन व्हायला येतात. 'ॲडमिन' म्हणून येतात, 'इन्फो' म्हणून येतात, 'टेस्ट' म्हणून येतात. आमचे स्वतःचे सभासद वार्षिक सभेला इतक्या उत्साहानं येत नाहीत. कोरमअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासानं तिथंच घ्यावी लागते. या परक्या मंडळींच्या बंदोबस्ताला फेलटूबॅन नावाचा पहारेकरी प्रोग्रॅम ठेवला. दहा मिनिटांत पाच वेळा चुकलात, तर दहा मिनिटं बाहेर, हा त्याचा मूळचा हिशेब.

इथवर सगळं यंत्रांशी होतं. मग आले आमचे चेअरमन, आबा. तालुक्यात आबांना कुणी 'आपण कोण?' असं विचारल्याची नोंद नाही. टोलनाक्यावरसुद्धा नाही. आणि आयटी ऑडिटरनं तर दुहेरी तपासणी सांगितलेली: आधी पासवर्ड, मग मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड.

"हे डबडं माझ्या सहीनं घेतलंय," आबा म्हणाले, "आणि मलाच इचारतंय व्हय, तू कोण म्हणून?"

"आबा, ते सगळ्यांनाच विचारतं."

"सगळ्यांना इचारू दे की. मी सगळ्यांतला हाय का?"

याला कुठल्याच मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. आबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पहिले तीन आकडे मोठ्यानं वाचले. मग फोन ड्रायव्हरकडे दिला, कारण अक्षर बारीक. ड्रायव्हरनं उरलेले तीन वाचले, पण ते पुढच्या तीस सेकंदांचे होते. सर्व्हर म्हणाला, लॉगिन झालं नाही. का झालं नाही हे तो मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर चोराचं काम सोपं होतं. आबांना मात्र हा सरळ उद्धटपणा वाटला.

पुढच्या आठवड्यात आबा शाखेच्या बैठकीला गेले. निघण्यापूर्वी त्यांनी नियमाप्रमाणे ब्राउझरमध्ये पासवर्ड बदलला होता, माझ्या देखत, आणि मला भरून आलं होतं. पण त्यांच्या फोनमधल्या मेलच्या ॲपला ही बातमी कुणी दिली नव्हती. शाखेच्या वायफायवर चढल्याबरोबर ते ॲप जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावू लागलं. शाखेतली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसतात. पाच चुका भरल्या आणि फेलटूबॅननं अख्खी शाखा दारातच अडवली. दहा मिनिटांनी मोकळी केली, आबांच्या फोननं पुन्हा पाच चुका केल्या. शाखाधिकाऱ्यांचा फोन आला, "साहेब, आबा चहाला बाहेर गेले की मेल येतात. आबा आत आले की बंद. तुम्ही तिकडून काही करताय का?"

पण या सगळ्यावर कडी केली ती कार्यालयातल्या झेरॉक्स मशीननं. हे मशीन कागद स्कॅन करून थेट मेलनं पाठवतं आणि जिल्हा उपनिबंधकांकडे जाणारी निम्मी पत्रं त्यावरूनच जातात. मशीन वयस्कर. त्याला टीएलएस या सांकेतिक भाषेची फार तर १.० ही जुनी आवृत्ती येते, आणि ती तर २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. सर्व्हर १.२ च्या खाली बोलायला तयार नाही, त्यामुळे दोघांचं संभाषण पासवर्डपर्यंत पोचेचना. मशीन बदलायचा प्रस्ताव मी मांडला. मंडळानं किंमत वाचली आणि विषय पुढील सभेवर ठेवला. मग पोस्टफिक्समध्ये 'आपल्या घरची माणसं' म्हणून एक यादी असते, तीत मी फक्त मशीनचा आयपी पत्ता घातला. यादीतल्याला पासवर्ड विचारला जात नाही, म्हणून सांकेतिक भाषेचा आग्रहही उरत नाही. शिवाय बाहेर जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक पत्रावर सर्व्हर डीकिमची सही ठोकतो, म्हणजे समोरच्याला खात्री पटते की पत्र आमच्याकडूनच आलंय.

हे अकाउंटंट मॅडमनी सहज बोलता बोलता आबांना सांगितलं. आबांनी मला बोलावून घेतलं.

"त्या झेरॉक्सला पासवर्ड नाही म्हणं?"

"नाही, आबा. म्हणजे त्याचं कारण असं की..."

"कारण ऱ्हाऊ दे. कोड?"

"कोडही नाही."

आबा बराच वेळ मशीनकडे बघत होते. हल्ली ते मेल हातानं लिहितात, पांढऱ्या कागदावर, निळ्या शाईनं, खाली लफ्फेदार सही. कागद काचेवर पालथा ठेवतात आणि हिरवं बटण दाबतात. पत्र उपनिबंधक कार्यालयात डीकिमच्या सहीसकट पोचतं. उत्तर आलं की मॅडम त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवतात. ठरावाच्या पूर्ततेचा अहवाल मी सादर केलाय, आणि आबांनी त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारून तो मला स्कॅन करून पाठवलाय.