मुंबईत उतरा, पण तुलना झाल्याशिवाय टॅक्सीत बसू नका

सोलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाला "सात रस्ता? बसा की" म्हणतो. तुम्ही भाडं विचारता, तो सांगतो, तुम्ही निम्मं म्हणता, तो हसतो, मधे कुठंतरी जमतं आणि रिक्षा सुटते. अर्ध्या मिनिटात व्यवहार खलास. मुंबईला जाताना असला अडाणीपणा घरीच ठेवून जा. तिथं भाडं ठरवायचं नसतं, भाड्याची तुलना करायची असते. आणि तुलना करणारा माणूस जाणकार असल्यामुळं त्याला स्टेशनबाहेर पाऊण तास उभं राहण्यात कमीपणा वाटत नाही.

तयारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून उतरायच्या आधीच करा. फोनमध्ये टॅक्सीची निदान चार ॲप हवीत. ती घरच्या वायफायवर निवांत घालायची नाहीत, गाडी कल्याण सोडते तेव्हा घालायची. प्रत्येक ॲप ओटीपी मागेल आणि तो नेमका घरी चार्जिंगला राहिलेल्या दुसऱ्या फोनवर जाईल. मंत्रालयात काम असेल तर प्रवेशाच्या नोंदणीचं ॲप वेगळं, तेही त्याच वेळी घाला. रात्रभर रील्स बघून बॅटरी १२ टक्क्यांवर आणलेली असावी. पॉवर बँक असतेच, पण ती चादरींच्या पिशवीत सगळ्यात तळाशी, शेंगाचटणीच्या पुड्याखाली.

माहितीसाठी नवी पेठेतल्या एखाद्या काकांना गाठा. मात्र ते २०१२ च्या आधी मुंबईला गेलेले असावेत, तरच त्यांच्या सल्ल्याला वजन. तेव्हा टॅक्सीच्या डाव्या अंगाला बाहेर लोखंडी मीटर असायचं, ते १ रुपयापासून सुरू व्हायचं आणि शेवटी दरांचं कार्ड बघून आकडा गुणायचा. आता डिजिटल मीटर थेट रुपयेच दाखवतं. तरी काकांनी शिकवलेला गुणाकार विसरू नका. मीटरवर ५२ दिसले की "म्हणजे किती झाले?" असं चालकाला नक्की विचारा. प्रामाणिक असला तर हसेल. नसला तर गुणून दाखवेल. काका पद्मिनी, म्हणजे जुन्या फियाट बनावटीची टॅक्सीच करायला सांगतील. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळं २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. तरी शोधा. वेळ बराच जातो, आणि वेळ घालवल्याशिवाय तुलनेला खोली येत नाही.

कुठल्या स्टेशनवर उतरायचं, याचा मात्र अजिबात विचार करू नका. जायचंय अंधेरीला? मग थेट सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जा आणि आलात तेवढेच उलटे टॅक्सीनं जा. अंतर साधारण २५ किलोमीटर, मीटरनं ५१७ रुपये. दादरला उतरून तीच टॅक्सी केली तर १५ किलोमीटरचे ३१० होतात. आणि दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल धरून पुढं रिक्षा केली, तर लोकलचं तिकीट १० रुपये. पण लोकलचा पर्याय कुठल्याच टॅक्सी-ॲपच्या पडद्यावर ठळक झळकत नाही, त्यामुळं तुलनेत तो धरायचं कारण नाही. दादरला उतरलातच, तर रिक्षा शोधत फिरा. वांद्रे-सायनपासून खाली दक्षिणेकडं रिक्षाला परवानगीच नाही, हे सांगणारा हमाल तुम्हाला फसवतोय असं समजा आणि पुलावरून पूर्वेला जाऊन, पश्चिमेला येऊन खात्री करून घ्या.

आता मुख्य प्रयोग. गाडी फलाटाला लागते न लागते तोच ॲप उघडा. तुमच्या डब्यातले सगळे उघडतायत, पुढच्या डब्यातलेही उघडतायत, शेजारच्या फलाटावर दुसरी गाडी आलीय, तिच्यातलेही. शहराच्या एकाच भागात एकाच मिनिटात शेकडो जण गाडी मागू लागले आणि गाड्या तेवढ्याच असल्या की भाडं चढतं. त्यात माणूस कुणी बसलेला नाही, मागणी-पुरवठ्याचा हिशेब आहे. चहा पिऊन, दहा-पंधरा मिनिटांनी गर्दी पांगल्यावर ॲप उघडलं तर बऱ्याचदा आकडा खाली आलेला असतो, पण तोवर दम कुणाला? भाडं चढलेलं दिसलं की दुसरं ॲप उघडा, मग तिसरं. सगळीकडं चढलेलंच असणार, कारण गर्दी तीच आहे. तरीही परत पहिल्यावर या.

किती चढू शकतं, याचे नियम आहेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ॲप-टॅक्सी धोरणात मूळ भाड्याच्या दीडपट ही कमाल मर्यादा आहे आणि सवलत २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे मूळ भाडं २०० असेल तर गर्दीत ३०० पर्यंत, निवांत वेळी १५० पर्यंत. केंद्राच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचना दुपटीपर्यंत मुभा देतात. यातलं मूळ भाडं किती, हे कधी तपासू नका, नुसता "दीडपट" हा शब्द लक्षात ठेवून चालकाशी वाद घाला. भाडं त्यानं ठरवलेलं नसतं, त्यामुळं तुमच्याइतकाच तोही अडाणी असतो आणि वाद बरोबरीचा होतो.

आयफोनवर भाडं जास्त दाखवतात असं ऐकून असाल, तर मेहुण्याचा अँड्रॉइड मागून घ्या आणि दोन्ही पडदे शेजारी धरा. अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबर दोघांनाही नोटीस काढली होती. फोन बघून भाडं लावत नाही, असं कंपन्यांनी सांगितलं. तुमची तुलना मात्र शास्त्रीय होण्यासाठी एक फोन फलाटावर असावा, दुसरा रस्त्यावर, आणि दोन्हींत तीन मिनिटांचं अंतर असावं. फरक हमखास येतो. त्याच वर्षी मे महिन्यात गाडी मिळण्याआधीच टिप मागण्यावरूनही उबरला नोटीस गेली. ही आगाऊ टिप तुलनेत धरू नका. ती प्रेमानं द्यायची असते, गाडी येण्याआधी, न बघितलेल्या माणसाला.

गाडी मिळाली की पिन, म्हणजे गाडी कुठं यावी ते दाखवणारी नकाशावरची खूण. सीएसएमटीचं हे वैशिष्ट्य समजून घ्या: लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांवरून बाहेर पडायची सोपी वाट पूर्वेला, १८ नंबर फलाटाकडून पी. डिमेलो रोडवर. जुनी दगडी इमारत आणि डी. एन. रोड पश्चिमेला. लोखंडी छपराखाली जीपीएस बावचळतं आणि पिन कुठंही टाकतं. ती बोटानं सरकवून योग्य दारावर ठेवणं ही दोन सेकंदांची गोष्ट आहे, म्हणून टाळा. गाडी डी. एन. रोडवर, तुम्ही पी. डिमेलो रोडवर. तुम्हाला स्टेशनातून चालत यायला काही मिनिटं, चालकाला सकाळच्या गर्दीत वळसा घालायला त्याहून जास्त. दोघांनी एकमेकांना "वहीं रुको, मैं आता है" सांगावं आणि दोघंही निघावं. फुकट थांबण्याची मुदत संपली की मिनिटाचे पैसे लागतात, आणि तुम्ही गाडी रद्द केलीत तर राज्याच्या धोरणाप्रमाणं भाड्याच्या ५ टक्के किंवा ५० रुपये, यातलं जे कमी ते तुमच्याकडून. चालकानं कारण नसताना रद्द केली तर १० टक्के किंवा १०० रुपये, यातलं कमी ते त्याच्याकडून. म्हणूनच तो स्वतः रद्द करत नाही. फोन करून "किधर जाने का है? कॅश है क्या?" विचारतो आणि मग गाडी आहे तिथंच उभी ठेवतो. तुम्ही सोलापूरकर, भिडस्त. तुम्हीच रद्द करा.

सामानाचं बघू नका. सगळ्यात स्वस्त वर्ग निवडा. छोट्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तिच्यापुढं एक बॅग उभी राहते, दुसरी नाही. चार चादरी, कडक भाकरीचा डबा आणि भाच्याच्या लग्नाचा आहेर घेऊन तुम्ही उभे, आणि चालक डिकी उघडून नुसता तुमच्याकडं बघतो. मग रद्द, मग मोठी गाडी, तिचं भाडं वेगळं. मीटरवाल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतही टाकी असते, पण बऱ्याच गाड्यांच्या टपावर कॅरियर आहे. तिकडं मात्र ढुंकूनही बघू नका, कारण ती समोर उभी आहे आणि समोर उभ्या असलेल्या वस्तूची तुलना काय करायची?

काळ्यापिवळ्याचा दर पाठ करणं तर कटाक्षानं टाळा. तो इतका सोपा आहे की सगळी मजा जाते. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढं किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. एसी कूल कॅबला ४८ आणि ३७ रुपये २० पैसे. उपनगरातल्या रिक्षाला २६ आणि १७ रुपये १४ पैसे. एकूण अंतरातून दीड वजा करायचा, उरलेल्याला दरानं गुणायचं आणि सुरुवातीचे ३१ मिळवायचे. १० किलोमीटरला टॅक्सी २०७ रुपये, रिक्षा १७२. वाहतुकीत गाडी थांबली तर त्या वेळेचे पैसे वर चढतात, हे ध्यानात ठेवून १०-२० टक्के जास्त धरले तरी अंदाज हातात येतो. हा एक आकडा डोक्यात असला की ॲपवरचा आकडा महाग की स्वस्त हे एका नजरेत कळतं आणि दुसरी तीन ॲप काढून टाकावी लागतात. एवढी गुंतवणूक वाया घालवायची?

रात्रीचा दर वेगळा. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत मीटरच्या सव्वापट. ट्रॅव्हल्सवाल्यानं पावणेपाचला सायनला उतरवलं तर ताबडतोब टॅक्सीत बसा. १० किलोमीटरचे २०७ ऐवजी २५८ जातील. पंधरा मिनिटं बाकड्यावर बसून ५१ रुपये वाचवणाऱ्याला लोक कंजूष म्हणतात. चार ॲपमध्ये पंचवीस मिनिटं घालवून १८ रुपये वाचवणाऱ्याला हुशार म्हणतात.

टोलचं थोडक्यात. सी-लिंकवरून एका बाजूचे कारला १०० रुपये, अटल सेतूवर २५०, आणि ते प्रवाशाच्या खिशातून जातात. एका ॲपचा आकडा टोलसकट आणि दुसऱ्याचा टोलशिवाय असेल तर दोन्ही तसेच शेजारी ठेवून बिनटोलवाला स्वस्त ठरवा. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालाय. कुणी मागितला तर देऊन टाका, पावती मागून उगाच संबंध बिघडवू नका.

आता हे सगळं कशासाठी, तर सीएसएमटीहून मंत्रालयात जायला. अडीच किलोमीटर धरा. मीटरनं ५२ रुपये. स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी सुटतात, त्यात माणशी ठरलेले पैसे देऊन शेजारच्याच्या कोपराशी ओळख करून घेत जाता येतं, अगदी आपल्याकडच्या शेअर रिक्षासारखं. बेस्टच्या बसला ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, एसी असली तर १२. चालत अर्धा तास, वाटेत फाउंटनच्या जुन्या इमारती फुकट. पण सोलापुरात आसरा चौकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी काढणाऱ्या माणसाला मुंबईत चालायला सांगणं बरं दिसत नाही. तेव्हा ॲपच.

परतीला तर तुलना दुप्पट काळजीनं करा. वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चारनंतर काही मिनिटांतच सुटते. मंत्रालयातून साडेतीनला बाहेर पडा, दारात रिकामी काळीपिवळी उभी असेल, तिला हातानं "नको" म्हणा आणि ॲप उघडा. ९२ रुपये. दुसऱ्यावर ८८. तिसऱ्यावर ८५, पण गाडी ११ मिनिटं लांब. थांबा, ती आधीचा प्रवासी सोडतेय. पडद्यावरच्या छोट्या गाडीला जागेवरच गोल फिरताना बघा. ३:५० ला ती चर्चगेटजवळ असते, ३:५५ लाही. चालक "बस दो मिनिट" म्हणतो आणि तो खोटं बोलत नाही, त्याच्या पुढच्या सिग्नलला तेवढंच वाटत असतं. वंदे भारतचे दरवाजे मात्र आपोआप बंद होतात, त्यांना खिडकीतून हात दाखवून उपयोग नसतो. चुकलेल्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पुढची सिद्धेश्वर रात्री उशिरा, तिचं आरक्षण आठवड्यापूर्वीच भरलेलं. जनरल डब्याच्या रांगेत उभं राहून घरी फोन करा आणि टॅक्सीचे सात रुपये कसे वाचवले ते सविस्तर सांगा.