पुस्तक मिटून आठवणे हेही शिकणेच आहे

सोलापुरातील शिक्षक आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. माणसाच्या लक्षात वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के राहते, असे त्यात एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर सांगितले आहे. वर्गात पुस्तक मिटायला लावून प्रश्न विचारण्याने केवळ मोजमाप होते, शिकणे होत नाही, आणि मुले मात्र धास्तावतात, असेही त्यात म्हटले आहे.

टक्केवारीचे उत्तर थोडक्यात देता येते. डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या शंकूच्या आकाराच्या आकृतीत प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतचा क्रम होता. टक्के नव्हते, ते पुढे इतरांनी चिकटवले. काय वाचले आणि किती दिवसांनी विचारले, हे न सांगता दिलेल्या अशा आकड्याला अर्थ नसतो.

दुसरा मुद्दा अधिक घातक आहे, कारण तो खरा मानून शिक्षक उजळणीचा तास नुसत्या पुनर्वाचनात घालवतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला, तर काहींनी तो एका सत्रात वाचून पुढची तीन सत्रे न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारेच पुढे होते; आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचून लगेच सगळे येते असे वाटते, आणि फसगत होते ती इथेच.

माझ्या वर्गात १९३० च्या सोलापूरच्या लष्करी कायद्याचा भाग शिकवून झाल्यावर, चार दिवसांनी, मी कोरे कागद वाटले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे लिहायला सांगितली. एका मुलाने मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा अशी तीन नावे लिहिली आणि पेन्सिल दाताखाली धरून तो बराच वेळ थांबला. मी चौथ्या नावाचे फक्त पहिले अक्षर, ‘ज’, फळ्यावर लिहिले, तेव्हा त्याने जगन्नाथ शिंदे हे नाव स्वतः पुरे केले. मी ते नाव सांगून टाकले असते, तर त्या शोधण्यातून होणारे शिकणे राहून गेले असते.

धास्तीची तक्रार मात्र मला गंभीर वाटते, कारण गुण लावले आणि चुकलेल्याला वर्गासमोर उभे केले की मुले घाबरतातच. म्हणून हे कागद मी गोळा करत नाही, गुणही देत नाही. मुले लगेच पुस्तक उघडून स्वतःच्या चुका दुरुस्त करतात, कारण दुरुस्ती झाली नाही तर चुकीचेच पक्के होण्याची भीती असते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्या भाषेतले शब्द लिहिण्याचीही मुभा असते. मुळात जे समजलेच नाही ते आठवून येणार नाही. तिथे आधी पुन्हा शिकवावेच लागते.