जास्तीचं लघवीतून जाते म्हणे!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला. "व्हिटॅमिनच्या गोळीला साइड इफेक्ट नाही, जास्त झालं की लघवीतून निघून जातं, घरातल्या सगळ्यांनी रोज घ्या, डी तर 60,000 वालंच घ्या." खाली अंगठ्यांची रांग.

आता लघवीचं अर्धं खरं आहे अन् घोळ तिथंच आहे. बी अन् सी पाण्यात विरघळतात, जास्तीचं बरंचसं जाते, बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, ते तेच. पण ए, डी, ई, के चरबीत विरघळतात, ए अन् डी तर अंगात साठून बसतात. अन् बी6 पाण्यातलंच, तरी महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर नसा बिघडून हातापायाला मुंग्या येतात (मग मुंग्यांसाठी लोक अजून बी-कॉम्प्लेक्स आणतात, काय बोलावं).

डी च्या 60,000 युनिटवाल्या गोळीचं आमच्या घरातलंच सांगतो. काकाजींना धंतोलीच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी आठ आठवडे लिहून दिली होती, काकाजी रोज एक घेऊन राहिले, दुकानवाला चिठ्ठी न पाहता देत गेला. दोनेक महिन्यांनी पोट साफ होईना, तहान भागेना, रात्री चार-चारदा उठणं, बोलण्यात गोंधळ. रक्तात कॅल्शियम चढलेलं! मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा 4,000 युनिट, हे पंधरापट घेत होते. किडनीवर येते हे.

त्यावर एकानं उलटंच लिहिलं, नागपुरात 45 डिग्री ऊन, इथं कोणाला डी कमी असते बे? अरे पण गरमीनं डी बनत नाही, ऊन कातडीवर पडावं लागते. आपण तर स्कार्फ, हातमोजे घालून गाडीवर, नाहीतर कूलरसमोर. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही कामाचं नाही.

सी नं सर्दी होत नाही हेही खोटं, रोज घेणाऱ्याची थोडी लवकर बरी होते, बस.

अन् "सगळ्यांनी" काऊन? सिगारेट ओढणाऱ्यांना फिनलंडमध्ये बीटा-कॅरोटीन (अंगात ज्याचं ए बनते ते) देऊन पाहिलं, 1994 मध्ये निकाल आला, फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा तर वाढला. गरोदरपणात ए जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकते, त्याच बाईला फॉलिक ॲसिड (हेही एक बी व्हिटॅमिनच) मात्र पाहिजेच. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्या पेशंटलाही फॉलिक ॲसिड देतात.

काकाजींचं डी बंद आहे. बी12 चालू आहे, शुगरच्या मेटफॉर्मिननं ते कमी निघालं. तपासून, अन् गोळ्यांचा डबा आता काकूजवळ.